मोजून मारलेला हात

१२ सप्टेंबर २०२२, लातूर

प्रयोगशाळेत रोज नोंद ठेवायची सवय जुनी आहे. प्रयोगशाळा सुटली तरी हात वहीकडे जातो, म्हणून ही वही. यात खरं तेच लिहिणार. आकडा सोयीचा नाही म्हणून खोडणारा माणूस मी कधी नव्हतो.

तर नांदेड सोडलं. विद्यापीठातून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली. सहकाऱ्यांनी तोंडावर शुभेच्छा दिल्या आणि पाठ वळल्यावर हसले असणार. बेंगळुरूला पीएचडी, मग जर्मनी, आणि आता लातुरात नीटच्या पोरांना फिजिक्स. हसू द्या. माझं यंत्र उन्हाळ्यापासून चादरीखाली पडून आहे. त्यात हिऱ्याचं एक टोक असतं, डोळ्याला दिसणारही नाही इतकं बारीक. ते पदार्थात हळूहळू दाबायचं आणि किती जोर लावला की किती आत जातं ते मोजायचं. पदार्थ कुठवर सोसतो आणि कुठे मोडतो, हा माझा आयुष्यभराचा विषय. ते टोक झिजलं. नवीन मागवलं आहे, फाइल कुठल्यातरी टेबलावर झोपली आहे.

पण खरं कारण आरती, माझी मुलगी. बारावीला पोरगी चांगली होती, नीटमध्ये पार आपटली. निकालाच्या दिवशी ती कोपऱ्यात बसून रडत होती आणि मला तिच्या मार्कांपेक्षा तिच्या रडण्याचाच जास्त राग आला. तारामती असती तर म्हणाली असती, राहू द्या, बीएस्सी करेल. ती डेंग्यूने गेली तेव्हा आरती शाळेत होती, आणि तेव्हापासून या घरात 'राहू द्या' म्हणणारं कुणी उरलेलं नाही. डॉक्टर व्हायचं हे आरतीनेच आईच्या पलंगाशी उभं राहून ठरवलं होतं, मी नाही. हे लिहून ठेवतो, कारण उद्या लोक मला बोल लावतील.

गुरुबसप्पा माझा बारावीचा सोबती. आता ट्यूशन एरियात त्याचा क्लास आहे, चार मजली. त्याने आरतीला रिपीटर बॅचमध्ये घेतलं आणि मला त्याच बॅचचा फिजिक्स मास्तर केलं. मे महिन्यात परीक्षा. तोवर मी, आरती आणि माय. सरकारी कॉलेजात एमबीबीएसची सीट, बाकी काही नाही.

१८ सप्टेंबर

घर तळमजल्याचं घेतलं, कारण मायला अंगण लागतं. भूकंपापासून ती छताखाली झोपलेली नाही. थंडी असो, पाऊस असो, बाज बाहेर. पाऊस असला की स्कूटरच्या पत्र्याखाली सरकते. घरमालकाने विचारलं, तुमच्या आईंना घरात जागा नाही का. आता त्याला काय सांगणार.

क्लाससमोर माझं होर्डिंग लागलं. 'भूकंपातून उठलेला शास्त्रज्ञ, आता आपल्या लातुरात! नॅनो सर.' फोटोत मला टाय घातलाय, जो मी आयुष्यात कधी घातला नाही. आरतीने ते बघितलं आणि हसली. किती दिवसांनी हसली.

क्लासची एक पद्धत आहे, ती मात्र मला पटली. शनिवारी टेस्ट, रविवारी फळ्यावर नंबर. वरच्या नंबरांनी उठून खालच्या नंबरांच्या हातावर लाकडी पट्टी मारायची. मास्तर मारत नाही, बरोबरीचे मारतात. गुरुबसप्पा म्हणतो, मास्तरचा मार पोरं विसरतात, दोस्ताचा मार विसरत नाहीत. माणूस अडाणी नाही.

३० सप्टेंबर

आजचा दिवस. माय सकाळपासून बोललेली नाही, दरवर्षीप्रमाणेच. मी बॅचला फिजिक्स बाजूला ठेवून गोष्ट सांगितली.

मी तेव्हा बारावीला, लातुरात खोली करून. ट्यूशन बुडवून गणपतीसाठी गावी गेलो होतो, औशाच्या पुढे आमचं गाव. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम खेळताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पाहिलं. तिथूनच ओढत घरी नेलं आणि बैलाच्या चाबकानं असं फोडलं की सदरा पाठीला चिकटला. तशाच अंगाने संध्याकाळच्या एसटीत कोंबलं. त्याच रात्री भूकंप झाला. दरसाल मिरगाच्या आधी अण्णा माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, पांढऱ्या मातीचा नवा थर देत, गळू नये म्हणून. जुना थर काढायचा नाही, त्यावरच नवा. आजोबांपासून तसंच चाललेलं. गावात आमचं घर पक्कं म्हणून नावाजलेलं होतं. भिंती फुटल्या आणि त्या सगळ्या वर्षांची माती एकदम खाली आली. अण्णा गेले, धाकटी बहीण सुमी गेली. माय बाहेर होती म्हणून राहिली, आणि मी राहिलो त्या चाबकामुळे.

पुढे पीएचडीला मी विषय थरांचाच घेतला. एकावर एक बसवलेले पातळ थर, प्रत्येकाचा खालच्यावर ताण. तो ताण वरून दिसत नाही.

मी म्हणालो, मार खाल्ला म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे. मारणारा माणूस तुमचा वैरी नसतो. काही पोरींच्या डोळ्यांत पाणी आलं. आरती खिडकीबाहेर बघत होती, तिने ही गोष्ट फार वेळा ऐकली आहे.

९ ऑक्टोबर

आरती पहिल्यांदाच वरच्या दहांत. मला किती आनंद झाला हे लिहायला लाज कशाला. पण त्या आनंदाचं तिनेच वाटोळं केलं.

खालच्यांत जेबा होती. औशाच्या बांगडीवाल्यांची मुलगी, आरतीच्या बाकावरची, दोघी एका डब्यात जेवतात. पट्टी आरतीच्या हातात आली. जेबाने हात पुढे केला. आरतीने पट्टी नुसती टेकवली, आणि दोघी हसल्या. शंभर पोरांसमोर. म्हणजे नॅनो सरांच्या मुलीला नियम नाही.

मी म्हणालो, पुन्हा मार. तिने पुन्हा टेकवली. मी व्यासपीठावरून उतरलो आणि तिच्या कानाखाली एक दिली. ती बाकावर आदळली, पट्टी लांब उडाली. मग मी पट्टी तिच्या हातात परत दिली आणि तिने जेबाला मारलं. नीट मारलं, वळ उठेल असं. मी मोजत होतो, जेबाने तोंडातून आवाज काढला नाही.

रागाच्या भरात मारलं असं कुणी म्हणू नये. माझा जन्म जोर मोजण्यात गेला. यंत्र पदार्थावर लावण्याआधी आम्ही ते काचेवर दाबून तपासून घेतो, तसा माझा हातही तपासलेला आहे. लागेल, पण मोडणार नाही, एवढाच.

१३ ऑक्टोबर

आरतीच्या डाव्या कानात कापूस. थंडी लागली असेल, सकाळी पंखा लावून अभ्यास करते. मायने लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. आरती ओरडली, आणि मायने माझ्याकडे बघितलं. मी पेपर तपासत होतो.

३० ऑक्टोबर

दिवाळी झाली. फटाक्यांच्या आवाजाला आरती या वर्षी दचकली नाही. मोठी झाली. पूर्वी लवंगी फुटली तरी तारामतीच्या पदरात शिरायची.

नंबर मात्र घसरला. बायोलॉजी ठीक आहे, फिजिक्स घसरलं. माझाच विषय. क्लासमध्ये मान वाकडी करून बसते, नखरे चालल्यासारखी. सरळ बस म्हटलं की बसते, आणि जरा वेळाने पुन्हा तशीच.

१३ नोव्हेंबर

आज संताप आवरत नाही.

फळ्याशी उभं राहून तिला प्रश्न विचारला. उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारला. ती वहीत बघत होती. तिसऱ्यांदा नाव घेऊन विचारल्यावर वर बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, मला ऐकू आलं नाही."

क्लासमध्ये पप्पा. आणि ऐकू आलं नाही. मागच्या बाकावरचा सोलापूरचा पोरगा ऐकतो आणि पहिल्या बाकावरच्या माझ्या मुलीला ऐकू येत नाही. आमच्या काळी असले बहाणे केले असते तर अण्णांनी जीभ हातात दिली असती. मी तिला बाकातून बाहेर काढलं आणि दोन मारल्या. या वेळी ती पडली नाही, बाकाला धरून उभी राहिली. डोळ्यांत पाणीही नव्हतं. मला वाटलं, बरं झालं, कणखर होते आहे.

घरी आल्यावर जेवताना ती माझ्या समोरून उठून दुसऱ्या बाजूला बसली. रुसवा. बसू दे.

४ डिसेंबर

बॅचला आज माझं संशोधन सांगितलं, जरा बदल म्हणून. पदार्थाचा तुकडा जितका लहान करत न्यावा तितका तो जास्त जोर सोसतो. का, तर मोठ्या तुकड्यात दोष असतात, भेगा असतात, कुठूनतरी मोडायला सुरुवात होते. लहान तुकड्यात दोषाला जागाच नसते. म्हणून म्हणालो, आयुष्य लहान करा. फोन नको, दोस्त नको, सण नको. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुबसप्पाने ते लगेच भिंतीवर रंगवायला सांगितलं.

मग मीच ते माझ्या घरापासून सुरू केलं. जेबा हल्ली आरतीच्या उजवीकडे बसते आणि तास चालू असताना सतत तिच्या कानाशी लागलेली असते. मी शिकवतोय आणि या पोरी कुजबुजतायत. जेबाला उचलून शेवटच्या बाकावर टाकलं. ती काहीतरी सांगायला आली होती, "सर, तिला," एवढं म्हणाली. मी म्हणालो, तिचं मी बघेन, तू तुझं बघ. परत गेली.

विचारायला हवं होतं की काय, असं आत्ता लिहिताना एकदा वाटलं. पण मुली अशाच असतात, एकमेकींसाठी रदबदली करतात.

२५ डिसेंबर

जेबाला बाजूला केल्यापासून आरतीचा नंबर आणखी खाली. आज ती खालच्या दहांत होती आणि धर्माबादच्या एका पोराने तिच्या हातावर पट्टी मारली. मी बघत उभा राहिलो. बाप म्हणून पट्टी हिसकावून घ्यावीशी वाटली हे खरं आहे. पण मध्ये पडलो असतो तर मग नियम कसला.

रात्रीच्या जेवणाला माय म्हणाली, "पोरगी वाळायलीय, यंकट. सोड तिला." मी म्हणालो, मे महिन्यापर्यंत कळ काढ. माय उठून बाजेवर गेली.

११ जानेवारी २०२३

समोरच्या क्लासवाल्यांनी माझं होर्डिंग फाडलं. नुसतं फाडलं नाही, ब्लेडने डोळे कापले आणि खाली शेण फासलं. कारण असं की त्यांची चाळीस पोरं जानेवारीत आमच्याकडे आली. गुरुबसप्पाने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, काळजी करू नको, बघून घेऊ. त्याच्याकडे त्यासाठी ठेवलेली पोरं आहेत. दंड हे एवढे आणि पुस्तकाशी संबंध नाही.

हा शिक्षणाचा धंदा आहे की वाळूचा, असं मनात आलं. आणि मी पुढच्या तासाला गेलो.

१९ जानेवारी

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर समजून घ्यावं.

परवा संध्याकाळी चहाच्या टपरीवर उभा होतो. तीन मोटारसायकली आल्या. एकाने विचारलं, नॅनो सर तुम्हीच का. हो म्हणालो तोच स्टंप डोक्यावर बसला, कानाच्या वर. खाली पडलो. मग पाठीवर, मग हात डोक्यावर घेतला तर हातावर. उजव्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आयुष्यभर पदार्थ मोडताना आलेखावर पाहिले, आवाज पहिल्यांदा ऐकला. टपरीवाल्याने दूध टाकून शटर ओढलं. माणसं बघत होती. माझं तोंड रस्त्याच्या मातीत होतं आणि मला एकच वाटत होतं की हे आता थांबावं, कुणीही थांबवावं.

दवाखान्यात आरती रात्रभर उशाशी होती. डाव्या कानात भुंगा शिरल्यासारखा आवाज चालू आहे. भयंकर प्रकार आहे. समोरचा बोलतो ते अर्धं कळतं, पुन्हा विचारलं की माणसं चिडतात. कुणालाही हे येऊ नये.

२४ जानेवारी

गुरुबसप्पा पेढे घेऊन आला होता. त्याच्या पोरांनी समोरच्यांच्या फिजिक्स मास्तरला मुरुडच्या रस्त्यावर गाठलं आणि दाराच्या फटीत त्याची बोटं घालून दार लावलं. गाडीचं दार. तो आता फळ्यावर लिहिणार नाही.

ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. पेढा खाल्ला. आरती दारात उभी होती, तिने ऐकलं की नाही माहीत नाही. हल्ली तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

१६ फेब्रुवारी

आज सगळं लिहायचं आहे. क्रमाने लिहितो.

कानाच्या तपासणीला डॉ. नाझनीन यांच्याकडे गेलो. बाई औशाच्याच, स्पष्ट बोलणाऱ्या. माझा हात प्लास्टरमध्ये म्हणून सोबत आरती. माझा कान तपासून झाला, सुधारतोय म्हणाल्या. मग चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी आरतीला विचारलं, बाळ, तू कितवीला. आरतीने मान वळवून उजवा कान पुढे केला आणि म्हणाली, काय म्हणालात. बाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी ट्यूनिंग फोर्क काढला. हाच मी बॅचला ध्वनीच्या धड्यात दाखवतो. तो वाजवून आरतीच्या डाव्या कानासमोर धरला. ऐकू येतंय का. नाही. मग दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. हो, म्हणाली. पुन्हा समोर. नाही. हाडातून येत होतं, हवेतून येत नव्हतं. याचा अर्थ मला बाईंनी सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी आत दिवा टाकून बघितलं आणि सांगितलं. पडदा फाटलेला, कडा जुन्या, आत पू. हे थंडीचं नाही. कुणी मारलं?

आरती भिंतीवरच्या चार्टकडे बघत राहिली. मी म्हणालो, मी.

"किती जोरात मारलंत?"

मी न्यूटनचा दहा लाखावा भाग मोजणारा माणूस. बाई वाट बघत होत्या, टोमणा मारत नव्हत्या, त्यांना खरंच माहिती हवी होती. मी माझ्या प्लास्टरकडे बघत बसलो. मग त्या म्हणाल्या, ऑपरेशन करून पडदा बसवता येईल, पण आधी पू थांबायला पाहिजे. ऐकू किती परत येईल ते आज सांगता येणार नाही.

रिक्षात मी तिला विचारलं, सांगितलं का नाहीस. ती तिच्या उजव्या बाजूला मी येईन अशी बसली होती. म्हणाली, "सांगितलं होतं की, पप्पा. तुम्ही परत तिथंच मारलं."

रिक्षात रडलो. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ठेवावा असं तिला का वाटावं.

घरी आलो तर मला रडणं पुरेसं वाटलं. हे लिहिताना कळतंय. मला वाटलं मी रडलो, आता औषध सुरू करू, उद्यापासून मी घरीच शिकवेन, उजवीकडे बसून, अडीच महिने आहेत, होईल. हे सगळं मी मायला सांगत होतो. माय ऐकत ऐकत आरतीचे कपडे पिशवीत भरत होती. म्हणाली, गावाकडं जातो आम्ही. मी म्हणालो, परीक्षा आहे, कुठे जाता. माय पिशवी घेऊन अंगणात उतरली. आरती तिच्या मागे निघाली, उंबऱ्यावर पोचली, आणि मी मागून तिचा दंड धरून तिला आत ओढलं. जोरात. ती माझ्या छातीवर येऊन आदळली.

माय परत फिरली आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. चाबकाने फोडताना अण्णांच्या हाताला लटकणारी माझी माय. माझा दुखरा कान दणाणला.

मग तिने सांगितलं. उभ्याउभ्याच, आवाज न चढवता.

"मार खाल्ला म्हणून वाचलो, हे तू जलमभर सांगायलास. म्या ऐकून घेतलं. आता तू ऐक. तुला यष्टीत घालून तेनं भाकर मागितली. म्या म्हणलं, लेकराची पाठ सोलली, तुज्यासंगं एका छताखाली झोपायची न्हाई. बाज बाहीर काढली. सुमी माज्या मागं आली. उंबऱ्यापातूर आली. तेनं वेणीला धरून तिला आत वढलं. म्हणला, मायच्या मागं कुठं चाललीस."

मी उंबऱ्याकडे बघितलं.

"म्या उठून तिला आणाया पायजे होतं. भ्याले. वाटलं, सकाळी बघू." तिने माझ्या हाताकडे बघितलं. हात अजून आरतीच्या दंडावर होता. "सोड, यंकट."

मी सोडला. तिच्या दंडावर माझी बोटं उमटलेली होती. त्या दोघी फाटकातून गेल्या तेव्हा आरतीने पुस्तकांची पिशवी उचलली, ती विसरली नाही.

२७ फेब्रुवारी

गुरुबसप्पाला म्हणालो, रविवारची पट्टी बंद कर. तो हसला. म्हणाला, नॅनो सर, आता तर ती तुमच्या नावावर खपायलीय, आईबापच विचारतात, तुमच्याकडं मारतात ना? भिंतीवर माझं वाक्य रंगवलेलं आहे, आयुष्य लहान करा, खाली माझं नाव. मी ते खरवडायला गेलो तर त्याच्या दंडवाल्या पोरांनी मला धरून जिना उतरवला. मारलं नाही. तेवढी ओळख ठेवली.

औशाला फोन करून जेबाची माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे सर. मग म्हणाली, मी पण क्लास सोडलाय, आरतीकडे जाऊन अभ्यास करते, एसटीने अर्धा तास लागतो.

२१ मार्च, नांदेड

रजा रद्द करून परत आलो. हिऱ्याचं टोक आलेलं होतं, कुणी खोकं उघडलंही नव्हतं. प्लास्टर निघालं तरी मनगट पूर्ण वळत नाही, बसवताना विद्यार्थ्याची मदत घ्यावी लागली.

आज काचेवर तपासून घेतलं आणि मग एक धातूचा नमुना दाबला. आलेखाची रेघ सरळ वर जात होती. जोर वाढतोय, पदार्थ सोसतोय, काही तक्रार नाही. आणि मग एका जागी टोक एकदम आत गेलं. असं होतं हे मला माहीत आहे, याच्यावर मी लेख लिहिले आहेत. आधी काहीही दिसत नाही. रेघेवर ओरखडासुद्धा नसतो. विद्यार्थी म्हणाला, छान आला, सर. मी बाहेर जाऊन कठड्यावर बसलो.

सुमी मला आठवत नाही नीट. दोन वेण्या घालायची. तिच्याबद्दल मी कुणालाच कधी काही सांगितलं नाही, नुसता चाबूक सांगत फिरलो.

९ एप्रिल

गावी गेलो होतो. भूकंपानंतर सरकारने दिलेल्या खोलीत मायने कडबा भरलाय, आणि दोघी बाहेर पत्र्याखाली राहतात. आरती बाजेवर पालथी पडून वाचत होती. मी फाटकाशी उभा राहिलो. माय बाहेर आली, पाणी दिलं, आणि म्हणाली, परीक्षा होऊ दे, मग तिला वाटलं तर ती बोलंल. कानाचा पू थांबलाय, ऑपरेशन जूनमध्ये. मी आणलेली पुस्तकं मायने ठेवून घेतली. खव्याचा डबा परत दिला.

७ मे, लातूर

परीक्षेचं केंद्र शहराबाहेरच्या एका शाळेत होतं. मी सकाळीच जाऊन पोचलो. फाटकासमोर माणसांची ही गर्दी. आई पोरीच्या कानातले डूल काढतेय, बाप अंगाऱ्याची पुडी धरून उभा. कडक ऊन.

त्या तिघी रिक्षातून उतरल्या. माय, आरती, जेबा. आरती काळवंडली आहे, पण अंग धरलंय. जेबा तिच्या डाव्या बाजूने चालत होती. त्या बाजूने गाडी आली तर आरतीला कळत नाही, म्हणून असेल. माय मागे थांबली आणि त्या दोघी रांगेकडे निघाल्या, माझ्या समोरून, हाताच्या अंतरावरून.

मी हाक मारली. "आरती." फार मोठ्याने नाही, नेहमी घरात मारतो तेवढीच.

जेबाचं पाऊल अडखळलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग पुढे बघायला लागली आणि आरतीच्या बाजूने चालत राहिली. आरतीने मान वळवली नाही.

मी त्यांच्या डाव्या हाताला उभा होतो. रांग हळूहळू सरकत होती. मधल्या दोरीखालून जाऊन पलीकडे, तिच्या उजव्या बाजूला उभं राहून हाक मारता आली असती, तेवढा वेळ होता. दोरीपर्यंत गेलोही. पण तिकडून मारलेली हाक तिला ऐकू गेली असती. आणि ऐकूनही ती वळली नसती, तर.

ती आत गेली. मी फाटक बंद होईपर्यंत त्याच बाजूला उभा राहिलो.